कमान तयार घ्यावी की बनवून घ्यावी?

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत गिऱ्हाइकाने सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे: "शेठ, रेडीमेड घेऊ की कापड घेऊन शिवून घेऊ?" याचे उत्तर मी आजवर एका वाक्यात दिलेले नाही. कारण ते कापडावर नसते, अंगावर असते. ज्याचे अंग ठोकळ मापात बसते त्याला रेडीमेडमध्ये फायदा, ज्याचा खांदा एका बाजूला उतरलेला आहे त्याने शिंप्याकडेच जावे. हाच प्रश्न एके दिवशी माझ्याच घरात, पण भलत्याच मालाबद्दल निघेल असे मला वाटले नव्हते.

माझा भाचा कल्याणला शिकतो. वय सोळा, उंच पण काटकुळा. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे जागतिक विजेते झाले, तेव्हापासून त्याला धनुर्विद्येचा नाद लागला. ठाण्याच्या एका वर्गात तो जाऊ लागला. पण त्याचे मन रमले ते साध्या, पारंपरिक कमानीत. ना दुर्बीण, ना चाके, नुसते लाकूड, दोरी आणि डोळा. एक दिवस दुकानात येऊन म्हणाला, "मामू, मला शिकारीची कमान पाहिजे. तयार मिळते, नाहीतर ऑर्डर देऊन बनवून मिळते. कुठली घेऊ?" मला त्यातले काही कळत नव्हते, तरी मी व्यापाऱ्याच्या ऐटीत एक कमान घेऊन दिली आणि फसलो. त्या फसण्यातून जे शिकलो ते वाचक बंधूंसमोर ठेवतो. मुलाला कमान घेऊन देणाऱ्या पालकांना ते उपयोगी पडेल, आणि ऑर्डरचा माल बनवणाऱ्या आपल्या कारागीर भावांनाही त्यातून काही मिळेल.

शिकारीची कमान, पण शिकार नाही

आधी एक गोष्ट स्पष्ट झाली पाहिजे. विलायती कॅटलॉगमध्ये 'हंटिंग बो' म्हणून जी कमान छापलेली असते ती आपल्याकडे शिकारीसाठी वापरता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी शिकारही जवळजवळ संपली. वरच्या अनुसूचीतील प्राण्याची शिकार केल्यास 3 ते 7 वर्षांची कैद आहे. आपल्या बाजूला तर एकीकडे येऊरचे जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, दुसरीकडे शहापूरकडे तानसा अभयारण्य. तेव्हा 'जरा रानात जाऊन बघू' हा विचार मनातून काढून टाकावा. शिकारीचे पातेदार बाणाग्रही विकत घेऊ नये. लक्ष्यावर मारायला साधे टोकच लागते, पात्याने लक्ष्य फाटते आणि हातही कापतो.

मग 'शिकारीची' या शब्दाचा आपल्याला उपयोग काय? उपयोग आहे, तो सावध होण्यासाठी. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणाच्या शिकारीसाठी कमानीची किमान ताकद 35 किंवा 40 पौंड अशी कायद्याने ठरवून दिलेली आहे. त्यामुळे तिकडचे कारखानदार या जातीच्या कमानी बहुधा 40, 45, 50 पौंडांच्या करतात. लक्ष्यावर सराव करणाऱ्या मुलाला एवढ्या ताकदीची काही गरज नसते. म्हणजे परक्या मुलखातल्या कायद्यासाठी बनलेला माल आपण कल्याणच्या पोराच्या खांद्यावर लादतो. माझी पहिली चूक हीच झाली.

कमानगर नावाचा कारागीर

आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा 'कमानगर' हा शब्द शब्दकोशात पाहिला होता. त्याचे दोन अर्थ दिले होते: कमान बनवणारा आणि हाड बसवणारा. तेव्हा नवल वाटले, आता त्यात तथ्य दिसते. जो माणूस लाकूड, शिंग आणि स्नायूचे धागे एकमेकांना जोडून वाकवतो त्याला ताण कुठे येतो आणि सांधा कुठे निखळतो हे हातालाच कळते. बंदुका आल्या, कमानीचा धंदा बसला, तेव्हा या कारागिरांनी हुनर फेकून दिले नाही, दुसरीकडे वळवले. कच्छमधील कमानगर भिंतीवरची चित्रे काढू लागले, त्या चित्रकलेला आजही कमानगरी म्हणतात. अन्य ठिकाणी कोणी लाखेचे रंगकाम धरले, कोणी हाडवैद्य झाले.

त्या जुन्या कमानी सर्व ऑर्डरच्याच असत. आत लाकूड, पोटाकडे म्हशीचे शिंग, पाठीकडे स्नायूचे तंतू, आणि हे सारे जनावरी सरसाने चिकटवलेले. एक कमान सुकून तयार व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक लागे. तिचा शत्रू एकच, ओल. सरस पाणी धरतो आणि सांधे सुटतात. म्हणून हिंदुस्थानच्या शस्त्रागारांत पोलादी कमानीही ठेवलेल्या असत. मार हलका, पण पावसाळ्याची फिकीर नाही. तयार माल आणि खास माल हा वाद आजचा नाही, हे यावरून दिसते.

आपल्या ठाणे जिल्ह्याचीही स्वतःची कमान आहे. शहापूर, मुरबाड आणि आता पालघर जिल्ह्यात गेलेल्या भागातील आदिवासींचा तीरकमठा हा बांबूचा, एका तुकड्याचा असतो. त्यात ना शिंग, ना सरस, म्हणून कोकणच्या पावसात तो तगून राहिला.

तयार कमान म्हणजे काय?

तयार कमान कारखान्यात साच्यावर बनते. लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि वर-खाली फायबरग्लास, मध्ये हल्लीचा पक्का गोंद. आज सर्वांत खपणारी जात तीन तुकड्यांची आहे. मधली मूठ वेगळी, तिला मैदानावर रायझर म्हणतात. आणि वरचा व खालचा असे दोन पंख, त्यांना लिंब म्हणतात. स्क्रूने जोडायचे, घरी आल्यावर सोडायचे.

तिचे गुण असे. एक, आज पैसे द्या, आज घेऊन जा. दोन, दोन नगांत फरक थोडा, त्यामुळे ज्याच्या हातात तशीच कमान आहे त्याला विचारून घेता येते. तीन, ताकद वाढवायची तर पूर्ण कमान बदलावी लागत नाही, फक्त पंखांची जोडी बदलायची. चार, फायबरग्लासला ओलीची भीती कमी. आणि पाचवा गुण आपल्या भागातल्या माणसालाच कळेल. 66 इंचांची अखंड कमान म्हणजे साडेपाच फूट. ती घेऊन सकाळी डोंबिवलीला लोकलमध्ये शिरून दाखवा! तीन तुकड्यांची कमान पाठीवरच्या पिशवीत बसते.

आता दोष. ती कोणाच्याच मापाची नसते, सर्वांच्या अंदाजाची असते. मूठ जाड वाटली तरी तीच घ्यायची. बहुतेक माल उजव्या हाताचा असतो, डावखुऱ्याला ताटकळावे लागते. बाहेरून आलेल्या मालाचा एक पंख मोडला तर त्याच मापाचा दुसरा मिळेपर्यंत कमान कपाटात राहते. आणि छापलेला आकडा वाचताना भले भले चुकतात. त्याविषयी पुढे सांगतो.

बनवून घेतलेली कमान

यात दोन जाती आहेत, त्या एकच समजू नयेत. पहिली म्हणजे देशी बांबूची किंवा लाकडाची साधी कमान. भरीव, जाड भिंतीचा, पक्व बांबू निवडायचा, सावलीत सुकवायचा, चिरायचा आणि तासत तासत दोन्ही पंख सारखे वाकेपर्यंत आणायचा. बांबूची बाहेरची साल पाठीकडे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला ठेवतात, कारण तिचे तंतू ताण सोसतात. ती साल कापली की कमान मोडली म्हणून समजा. दुसरी जात म्हणजे हौशी कारागीर पट्ट्या चिकटवून, आपल्या मापाने बनवतात ती; माल कारखान्यासारखाच, पण मूठ तुमच्या पंजाची, लांबी तुमच्या हाताची.

तिचे गुण उघड आहेत. हाताचे माप, ओढ, डावा-उजवा हात, मुठीची जाडी, सर्व तुमचे. कारागीर समोर असतो. वर्षाने पंख कलला तर तोच तासून सरळ करून देतो, आणि बांबूची कमान तर किमतीलाही हलकी पडते. लिंबा राम हे राजस्थानच्या आदिवासी घरातले. बांबूच्या कमानीवर हात बसलेला हा माणूस 1988, 1992 आणि 1996 अशा तीन ऑलिंपिकमध्ये देशासाठी खेळला. झारखंडच्या दीपिका कुमारीनेही लहानपणी बांबूच्याच कमानीवर नेम धरला. तेव्हा बांबू म्हणजे कमी प्रतीचा माल, हा समज काढून टाकावा. आपल्या देशातल्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' नावाचा प्रकारच देशी कमानीचा आहे; 30 आणि 50 मीटर ही त्याची ओळखीची अंतरे. मुलाला त्या प्रकारात उतरवायचे असेल तर कारखान्याची विलायती कमान कितीही महाग असली तरी कामाची नाही. नियम आधी वर्गाच्या सरांकडून समजून घ्यावेत, मगच पाकीट उघडावे.

दोष मात्र लपवू नयेत. वेळ लागतो. पहिल्या नगात कारागिराचा अंदाज चुकू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, मापाची कमान मापापलीकडे माफ करत नाही. 26 इंच ओढीसाठी बनवलेली लाकडी कमान एखाद्या उंच दोस्ताने हौसेने 29 इंच ओढली तर ती त्याच्या तोंडासमोर मोडू शकते. शिवून घेतलेला कोट भावाला घट्ट झाला तर शिवण उसवते. इथे डोळा जातो. आणि अशी कमान विकायची म्हटली तर तुमच्याच हाताचे गिऱ्हाईक शोधावे लागते.

पौंड आणि इंच: खरे माप

कापडात गिऱ्हाईक मीटर विचारते, पन्हा विचारत नाही आणि घरी जाऊन पस्तावते. कमानीतही तसेच. लोक पौंड विचारतात, इंच विचारत नाहीत.

कमानीवर '45 पौंड, 28 इंच' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की दोरी 28 इंचांपर्यंत मागे ओढली तर बोटांवर 45 पौंडांचा, म्हणजे वीस किलोहून थोडा अधिक भार येतो. तुम्ही कमी ओढलीत तर भार कमी, जास्त ओढलीत तर जास्त. साधारण एका इंचाला दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो.

आपली ओढ किती, हे घरी काढता येते. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरावेत. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. माझ्या भाच्याचे माप 168 सेंटिमीटर आले. त्याला अडीचने भागले की 67 सेंटिमीटर, म्हणजे साडेसव्वीस इंच. हे अंदाजाचे माप आहे. पक्के माप सर हलक्या कमानीवर उभे करून घेतात.

मी त्याला 45 पौंडांची कमान घेऊन दिली होती. दुकानदाराने सांगितले, "आज जड वाटते, महिन्याभरात सवय होईल." मी मान डोलावली, कारण 'सैल घ्या, धुतल्यावर बसेल' असे मीही कित्येकदा म्हटले आहे. साडेसव्वीस इंचांवर ती कमान चाळीस-एकेचाळीस पौंडांची होत होती. पोर मामूने दिलेली वस्तू म्हणून काही बोलले नाही. सहाव्या आठवड्यात त्याला उजवा हात वर करून शर्ट घालता येईना. डॉक्टरांनी खांद्याचा स्नायू दुखावल्याचे सांगून दोन महिने विश्रांती लिहून दिली. सरांनी कमान पाहिली आणि एवढेच म्हणाले, "याला बावीसची चालली असती." पैसे गेले त्याचे वाईट वाटले नाही. पण त्या दोन महिन्यांत पोर दुकानात गप्प बसून राही, ते आजही आठवते.

सबब, नव्या मुलाला दहा ते पंधरा पौंड, चौदा-पंधरा वर्षांपुढच्याला वीसच्या आसपास, आणि अंगाने धडधाकट मोठ्या माणसालाही पंचवीस-तीसच्या आत सुरुवात पुरे. कसोटी सोपी आहे. कमान पूर्ण ओढून दहा सेकंद स्थिर धरता आली पाहिजे. हात थरथरला तर ती कमान तुमची नाही, मग ती तयार असो की बनवलेली.

आमच्या हवेचा विचार

जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीलाही घाम येतो. शिंग-स्नायूच्या जुन्या पद्धतीच्या कमानी हल्ली तुर्कस्तान, हंगेरी, कोरियातून हौशी लोक मागवतात. तुर्की धनुर्विद्येला 2019 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाल्यापासून त्यांचे नावही झाले. वस्तू देखणी, पण ठाण्याच्या पावसात ती सांभाळणे म्हणजे दुभते जनावर सांभाळणे. कोरियातील लोकांनी यावर व्यवहारी तोड काढली आहे. शिकाऊ माणूस त्याच घाटाची फायबरग्लासची तयार कमान वापरतो, आणि शिंगाची कमान हात पक्का झाल्यावर घेतो. दोन्ही धंदे शेजारी शेजारी चालतात, कोणी कोणाला गिळत नाही.

कमान कुठलीही असो, सराव झाला की दोरी उतरवावी. लाकडी कमान दोरी चढवून ठेवली तर तिचा वाक कायमचा बसतो. भिंतीला टेकवून उभी करू नये, दोन खुंट्यांवर आडवी ठेवावी. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नये, उष्णतेने गोंद सुटतो. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये; बाणाने न्यायचा सारा जोर कमानीतच परततो आणि पंख फुटतो. दोरीचेही पहावे. साध्या लाकडी कमानीला किंचित ताणणारी डॅक्रॉनची दोरी ठीक. न ताणणारी नवी दोरी टोके मजबूत केलेल्या कमानीलाच लावावी. आणि कापडवाल्याचा एक सल्ला: सैल बाही, झुलती ओढणी दोरीत अडकते. बाही घट्ट असावी, कमान धरलेल्या हाताला चामड्याचा पट्टा असावा.

आणखी एक. सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांकडून शस्त्रे बाळगण्यावर मनाई आदेश निघतात. अशा दिवसांत कमान हातात घेऊन रस्त्याने फिरू नये. एरवीही दोरी उतरवून, पिशवीत बंद करून, वर्गाचे ओळखपत्र सोबत ठेवून न्यावी.

हिशोब मांडून पहा

पुढील आकडे बाजारभाव नव्हेत, केवळ हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. समजा, तीन तुकड्यांची तयार कमान 12,000 रुपयांना आणि पंखांची जादा जोडी 5,000 ला. पट्ट्यांची, मापाने बनवलेली अखंड कमान 18,000 ला.

मुलगा 22 पौंडांवर सुरू करतो, वर्षाने 28 वर जातो, पुढे 32 वर. तयार कमानीत 12,000 अधिक 5,000 अधिक 5,000, म्हणजे 22,000. बनवलेल्या कमानीत प्रत्येक पायरीला नवी कमान, म्हणजे 54,000. मापाची कमान तीनदा घेण्यात शहाणपण नाही. वाढत्या अंगाच्या मुलाला कोणी शेरवानी शिवून घेत नाही, तसेच हे.

उलट पहा. ज्याची उंची थांबली, ओढ ठरली, ताकद ठरली, त्याला एकदाच 18,000 द्यायचे आहेत आणि ती कमान त्याला जन्मभर पुरेल. त्याने तयार मालावर मूठ घासत, पंख बदलत पैसे घालवू नयेत. म्हणजे प्रश्न 'कुठली चांगली' असा नाहीच. प्रश्न 'माप ठरले का?' असा आहे. माप ठरेपर्यंत तयार, माप ठरल्यावर बनवलेली. देशी बांबूची कमान या हिशोबाबाहेरची आहे. ती स्वस्त असल्यामुळे दोन्ही वेळा घेता येते.

ऑर्डर देण्याची रीत

भाच्याचा खांदा बरा झाल्यावर आम्ही मुरबाडच्या बाजूला एका पाड्यावर गेलो. तिथे एक वृद्ध गृहस्थ तीरकमठे करतात असे कळले होते. मी कापडवाल्याच्या सवयीने लगेच भाव विचारला. ते माझ्याकडे न बघता पोराकडे बघत म्हणाले, "शेठ, भाव मागून सांगतो. आधी पोराला हात पसरू द्या." त्यांनी दोरीने माप घेतले, पोराचा पंजा आपल्या पंजावर ठेवून पाहिला, आणि एक जुना कमठा त्याच्या हातात देऊन तीनदा ओढायला लावला. माझ्या पहिल्या दुकानदाराने यातले काहीच केले नव्हते, आणि मीही त्याला विचारले नव्हते.

मात्र चूक इथेही झाली, ती माझी. सगळे बोलणे तोंडी झाले. दिवाळीनंतर देतो म्हणाले, मी पूर्ण पैसे देऊन आलो. दिवाळीनंतर घरची सगळी माणसे वीटभट्टीवर कामाला गेली आणि कमठा चैत्रात मिळाला. त्यांचा दोष म्हणता येणार नाही. भट्टीवाला आठवड्याला खर्ची देतो, मी तर पैसे आधीच देऊन मोकळा झालो होतो. अर्धी रक्कम हाती ठेवली असती तर मी चार वेळा गेलो असतो आणि त्यांनाही भट्टीआधी काम संपवण्याची ओढ राहिली असती.

बनवून घेण्याच्या सौद्याला फिक्हमध्ये 'इस्तिसना' असे नाव आहे, आणि त्याची पहिली अट हीच की माल, जात, माप आणि किंमत यांत संदिग्धता राहू नये. तेव्हा कमानीच्या ऑर्डरची चिठ्ठी अशी लिहावी: कमानीची लांबी, ओढीचे इंच, त्या इंचांवर पौंड किती, उजवी की डावी, लाकूड किंवा बांबू कोणता, दोरी सोबत आहे का, आगाऊ किती, उरलेले केव्हा, माल कोणत्या तारखेला, आणि पौंडांत दोन-तीनचा फरक पडल्यास चालेल की नाही. शेवटचे कलम फार मोलाचे आहे. हातकामात काटेकोर आकडा मागणे अन्याय आहे, पण दहा पौंडांचा फरक मुकाट घेणे मूर्खपणा आहे.

माल ताब्यात घेताना चार गोष्टी पहाव्यात. दोरी चढवून कमान टोकाकडून पहावी. दोरी दोन्ही पंखांच्या मधोमध दिसली पाहिजे. बाजूने पहावे, दोन्ही पंखांचा वाक सारखा, कुठे कोपरा आलेला नसावा. ओढताना टकटक आवाज आला तर तिथेच थांबावे. आणि कापसाचा बोळा दोन्ही पंखांवरून हलकेच फिरवावा; जिथे तंतू अडकेल तिथे चीर किंवा कूस उठलेली आहे. ही शेवटची परीक्षा तयार मालालाही लावावी. गंमत अशी की ठाण आत चिरलेले आहे का हे पाहायला आम्हीही हातच फिरवतो.

कारागीर भावांसाठी

या सगळ्यात आपल्यासाठी काय, असे सुतार, खरादी आणि बांबूकाम करणारे बंधू विचारतील. पहिली गोष्ट, 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला; शेतातला बांबू तोडण्या-नेण्याची जुनी कटकट त्यामुळे कमी झाली. जंगलातल्या बांबूला मात्र वनखात्याचे नियम आहेतच. दुसरी गोष्ट, कारखान्याशी भावात टक्कर देऊ नका. पॉवरलूमशी भावात टक्कर देणारे हातमाग भिवंडीने बसलेले पाहिले आहेत. कारखाना जे देऊ शकत नाही तेच विका: डावखुऱ्याची कमान, आखूड हाताच्या मुलीची कमान, वर्षभराची दुरुस्ती. तिसरी गोष्ट, प्रत्येक नगावर लांबी, इंच आणि पौंड आपल्या हाताने लिहा. गिऱ्हाइकाचा विश्वास त्या तीन आकड्यांवर बसतो. मापून सांगणारा कारागीर महाग वाटत नाही, अंदाजाने सांगणारा स्वस्तातही महाग पडतो.

शेवटी भाच्याबद्दल. 45 पौंडांची ती कमान मी निम्म्या भावात एका धिप्पाड गृहस्थांना विकली. त्याला 22 पौंडांची साधी तयार कमान घेऊन दिली, ती तो रोज वापरतो. पाड्यावरचा कमठा खुंटीवर आडवा ठेवलेला असतो आणि रविवारी उतरतो. सर म्हणतात, आणखी वर्षभराने याची ओढ ठरेल, मग मापाची घ्या. त्या वेळी आम्ही पुन्हा मुरबाडला जाऊ. या खेपेस चिठ्ठी लिहून, अर्धे पैसे खिशात ठेवून, आणि भट्ट्या पेटण्याच्या आत.